आगाऊ आरक्षण

मराठी भाषेतल्या ज्या शब्दांनी मला आयुष्यभर घोळात टाकलं, त्यांत 'आगाऊ' हा शब्द फार वरच्या नंबरावर आहे. लहानपणी मोठी माणसं बोलत असताना मी मध्येच तोंड घातलं की "आगाऊ कुठला!" म्हणून पाठीत धपाटा बसे. पुढे गांधीबागेत एका ठोक कापडाच्या दुकानात हिशेब लिहायला बसलो, तर तिथे आगाऊ रक्कम आणणाऱ्या गिऱ्हाइकाला शेटजी स्वतः उठून गादीवर बसवीत आणि वर चहा मागवीत. म्हणजे आगाऊ मुलाला धपाटा आणि आगाऊ पैशाला चहा! हा कुठला न्याय, ते मला कधीच कळलं नाही. दिवाळीनंतर पुतण्याचा जर्मनीहून फोन आला, आणि इतक्या वर्षांनी मी पुन्हा त्याच शब्दाला ठेचकाळलो.

पुतण्या म्युनिकला असतो. फोनच्या काचेत त्याचं तोंड दिसत होतं आणि तोंडापेक्षा मोठा एक तक्ता दिसत होता. "काका, पुढच्या जुलैत आम्ही चौघं माँ ब्लाँला प्रदक्षिणा घालतोय," तो म्हणाला. 'प्रदक्षिणा' ऐकल्याबरोबर आमची ही पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. "देव कोणता आहे रे तिथला?" तिने विचारलं. देव नाही, नुसता डोंगरच आहे, हे कळल्यावर ती चकल्यांचा डबा घेऊन आत गेली. मी मात्र सरसावून बसलो.

प्रकार असा आहे. माँ ब्लाँ हा आल्प्समधला सुमारे 4,800 मीटर उंचीचा डोंगर. त्याच्याभोवती फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून जाणारी सुमारे 170 किलोमीटरची पायवाट आहे. लोक ती दहा-अकरा दिवसांत चालतात. एकेका दिवसाच्या चालीवर मुक्कामाची घरं आहेत. तिथे बूट दारात काढायचे (हे ऐकून मला ती माणसं एकदम घरंदाज वाटू लागली), संध्याकाळी सगळ्यांनी एका पंगतीला बसायचं, आणि रात्री मोठ्या खोलीत ओळीने आडवं व्हायचं. थोडक्यात, आपल्याकडचा वऱ्हाड्यांचा जानोसा. फक्त रुसणारे व्याही नाहीत. या घरांना फ्रेंचमध्ये 'रेफ्यूज' आणि इटालियनमध्ये 'रिफ्यूजिओ' म्हणतात. मला आधी ती निर्वासितांची छावणीच वाटली. पण पुतण्या म्हणाला, "काका, त्या शब्दाचा अर्थ आश्रय."

"मग मिळतो का आश्रय?"

"मिळतो ना! फक्त आठ महिने आधी बुक करावा लागतो."

वाचकहो, मी क्षणभर गप्प झालो. आश्रय, आणि आठ महिने आधी? उद्या विहिरीत पडणाऱ्या माणसाने "येत्या आषाढात बुडण्याचे योजिले आहे, तरी दोर राखून ठेवावा" असा अर्ज करण्यासारखंच झालं की हे! आपल्याकडे दारात येऊन उभा राहणारा तो अतिथी. अ-तिथी, ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. आता तिथी पक्की केल्याखेरीज अतिथी होता येत नाही, आणि पुन्हा तिच्यासाठी कार्डाचा नंबर द्यावा लागतो.

तसं म्हटलं तर जागा धरून ठेवण्याच्या शास्त्रात आपण कुणाला हार जाणारे नाही. एस.टी. स्टँडवर गाडी वळण घेते न घेते तोच शेकडो वर्षांची तपश्चर्या असल्यासारखे रुमाल खिडक्यांतून आत जाऊन पडतात. रुमाल संपले की टोपी, टोपीनंतर पिशवी, आणि गर्दी अगदीच हाताबाहेर गेली तर पोटचं पोर. गंमत म्हणजे, रुमाल पडलेल्या जागेवर सहसा कुणी बसत नाही. पिनल कोडात या रुमालाला एक ओळही नसेल, पण धिप्पाड पहिलवानसुद्धा तो पाहून पुढे सरकतो. एवढ्याशा मळक्या फडक्याला ही ताकद कुठून येते?

हा प्रश्न मी आमच्या वाड्यातल्या प्रोफेसरांना विचारला. त्यांनी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे त्यांना कुठल्याही प्रश्नाचं आश्चर्य वाटत नाही. ते म्हणाले, "दोन हजार वर्षांपूर्वी सिसेरो नावाच्या रोमन पंडिताच्या ग्रंथात हा दाखला आहे. नाटकगृह सगळ्यांच्या मालकीचं. पण ज्या जागेवर जो बसलाय, ती त्याची म्हणायला हरकत नाही."

"बसलाय त्याची, की रुमाल टाकलाय त्याची?"

प्रोफेसरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "सिसेरो असता तर विचारून सांगितलं असतं," ते म्हणाले.

आता आश्रयाचा दुसरा प्रकार सांगतो, म्हणजे पुतण्याचं आणि माझं कुठे बिनसलं ते लक्षात येईल. आम्हा नागपूरकरांची एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला चालत जायची यात्रा म्हणजे पचमढीची नागद्वार. श्रावणातल्या नागपंचमीच्या आगेमागे ऐन पावसात ती भरते. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली करत गाडी सातपुडा चढते, आणि जलगलीपासून पायांचं काम सुरू होतं. दऱ्या उतरायच्या, शिड्या चढायच्या, काजरी, पद्मशेष अशी ठिकाणं घेत नागद्वारीची गुहा गाठायची. वाटेत जागोजाग नागपूर-विदर्भातल्या मंडळांनी मांडव घातलेले असतात. तिथे जेवायला फुकट, झोपायला फुकट. बुकिंगचं नाव नाही.

1991 साली मी आईला घेऊन गेलो होतो. एका मांडवाशी पोचलो तेव्हा रात्र झाली होती आणि आमच्या अंगावर कोरडी अशी एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे घसा. मांडवात मुंगी शिरायला जागा नव्हती. मी दारातच थबकलो. आत कुणाला काय विचारावं या विचारात. आई मात्र जन्मभर एस.टी.ने फिरलेली बाई. ती सरळ आत गेली आणि मोठ्याने म्हणाली, "सरका ना बाप्पा थोडं!" अन् काय आश्चर्य! पलीकडच्या टोकाला कुणीतरी हललं, मग त्याच्या शेजारचा हलला, आणि ती हालचाल लाटेसारखी आमच्यापर्यंत येऊन पोचली. दोन माणसांची जागा झाली. ती कुठून आली, ते मला आजवर समजलेलं नाही. गरम खिचडी हातात पडली. रात्री मात्र एकट्याने कूस बदलायची सोय नव्हती. कुणीतरी "हं!" म्हणायचा की अख्खी ओळ एकदम डाव्या कुशीवर. माझ्या पाठीला सौंसरचा एक शेतकरी होता, आणि तो झोपेत बैल हाकत होता. तरीही त्या रात्रीसारखी झोप मला पुन्हा क्वचितच लागली.

हे सगळं पुतण्याला ऐकवून मी विजयी मुद्रेने पाहिलं. पण तो माझाच पुतण्या. म्हणाला, "काका, जागा चाळीस आणि माणसं चारशे आली तर? किती सरकणार?" मग त्याने सांगितलं, की माँ ब्लाँच्या प्रदक्षिणेऐवजी जे शिखरच चढू पाहतात, त्यांच्या नेहमीच्या वाटेवर गूते नावाचं एक मुक्कामाचं घर आहे. तिथे 120 खाटा आणि वाट्टेल तेवढे लोक. दाटी इतकी वाढली, की 2019 पासून मुक्कामाचं आरक्षण असल्याखेरीज त्या वाटेने चढायलाच बंदी झाली. डोंगर बिचारा सगळ्यांना आपलं म्हणतो. खाट तसं म्हणू शकत नाही.

मुद्दा खरा होता. आणि आमच्या नागद्वारची वाट तरी बारमाही कुठे उघडी असते? तो सगळा मुलूख आता सातपुडा व्याघ्र प्रकल्पात आहे. यात्रेचे दहाएक दिवस माणसांचे, बाकीचं वर्ष वाघाने आगाऊ धरून ठेवलेलं. आणि त्याच्या रुमालाला हात लावायची कुणाची छाती नाही! नॉर्वेच्या लोकांनी म्हणे यातून मधली वाट काढली आहे. त्यांची डोंगर भटकणाऱ्यांची 1868 सालची जुनी संस्था आहे. तिच्या घरांतला रिवाज असा, की ज्याने आधी कळवलं त्याला खाट. पण खाटा संपल्या म्हणून दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही, खाली गादी टाकायची. म्हणजे कागदाला कागदाचा मान, आणि पावसाला पावसाचा. हे ऐकून मला वाटलं, नॉर्वेत कुणीतरी आमच्या आईसारखी बाई असणार.

असं आमचं छान जमत आलं होतं. तेवढ्यात माझी नजर त्या तक्त्यावर गेली. हिशेब लिहिणाऱ्या माणसाची नजर वाईट असते. तिला रकानेच आधी दिसतात. एक रकाना निळा होता, एक पिवळा.

"हा पिवळा कसला रे?"

"ते तसंच. सुट्टी पहिल्या आठवड्यात मिळेल की दुसऱ्या, अजून नक्की नाही. म्हणून जिथे आगाऊ पैसे मागत नाहीत, तिथे दोन्ही आठवडे धरून ठेवलेत. नको ते नंतर सोडून देऊ."

"आणि सोडायचं विसरलास तर?"

"मग काय! आपण गेलो नाही, एवढंच. सगळेच करतात, काका."

सगळेच करतात हे मात्र खरं. आपल्या रेल्वेने 1 नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षणाची मुदत 120 दिवसांवरून 60 दिवसांवर आणली ती कशासाठी? लांबची तिकिटं भाराभर रद्द होतात, आणि काही महाभाग तर रद्दही करत नाहीत आणि येतही नाहीत. गाडीभर उभी माणसं आणि मधोमध एक रिकामा बर्थ ऐसपैस झोपून चाललेला! मी काका या नात्याने घसा साफ केला. उपदेशाचं पहिलं वाक्य जिभेवर आलं होतं. पण ते तिथेच अडलं. कारण मला एकदम फुर्कियाचा डाकबंगला आठवला.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. हिलासुद्धा नाही.

1982 चा ऑक्टोबर. मी अठ्ठावीस वर्षांचा. आम्ही सहा मित्रांनी कुमाऊंतल्या पिंडारी हिमनदीला जायचं ठरवलं. तेव्हा तो भाग उत्तर प्रदेशात होता. 2000 सालापासून उत्तराखंडात आहे. लोहारखेत, धाकुडी, खाती, द्वाली, फुर्किया असे एकामागून एक मुक्काम. जायच्या कितीतरी आधी अर्ज, मनीऑर्डर, स्मरणपत्र अशा पायऱ्या चढून मी मुक्कामांचे परवाने मिळवले: सहा माणसं, सहा खाटा. निघायच्या आठवड्यात एकाचं लग्न ठरलं आणि एकाची कंबर धरली. उरलो चौघं. दोन खाटा सोडल्याचं कळवायला पंधरा पैशांचं पोस्टकार्ड पुरलं असतं. मी म्हटलं, पैसे भरलेत, राहू देत. पसरून झोपू.

फुर्किया हा शेवटचा मुक्काम, 3,200 मीटरच्या वर. संध्याकाळी हिमाचा भुरका पडायला लागला. आम्ही चौघं खाटांवर, पाचव्या खाटेवर आमच्या पिशव्या निजलेल्या, सहाव्यावर ओले मोजे. इतक्यात चौकीदार दोन माणसांना घेऊन दारात आला. बागेश्वरकडच्या शाळेतले एक मास्तर आणि त्यांचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा. मुलाला बर्फाची नदी दाखवायला निघाले होते. परवाना नव्हता. तो कुठे मिळतो हे मास्तरांना ठाऊक होतं. पण तो आणायला जाण्याचे दोन दिवस त्यांच्या सुट्टीत बसत नव्हते. चौकीदार त्यांना म्हणाला, "साहब से पूछ लीजिए."

साहेब म्हणजे मी. गांधीबागेत मला "ए मुनीम" या पलीकडे कुणी हाक मारली नव्हती. ते 'साहब' माझ्या डोक्यात गेलं. मी उशीखालचा परवाना काढला आणि कंदिलापुढे धरला. "सहा जणांचं आहे."

मास्तरांनी खोलीत नजर फिरवली. आम्ही चार होतो हे पाचवी नापास मुलालाही मोजता आलं असतं. "आणि दोघं?" त्यांनी हळूच विचारलं.

"मागून येताहेत," मी म्हणालो.

माझ्या तिन्ही मित्रांनी ते ऐकलं. कुणी काही बोललं नाही. मास्तर "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि मुलाचा हात धरून चौकीदाराच्या स्वयंपाकखोलीत चुलीशी झोपायला गेले. मी आतून कडी लावली. कायद्याने ती खोली माझी होती. कागद माझा, पैसे माझे, सही माझ्या नावाची.

सकाळी उजाडलं तेव्हा सगळीकडे पांढरं झालेलं. मी ओसरीवर आलो तर मास्तर तिथेच उभे होते, डोळे लाल. मला म्हणाले, "तुमचे दोघे सोबती काही पोचले नाहीत हो. रात्री मी दोनदा कंदील घेऊन उतारापर्यंत जाऊन आलो. हाका मारल्या. कुणी ओ दिली नाही."

काय सांगू तुम्हाला! नसलेल्या दोन माणसांसाठी तो माणूस हिमात दोनदा कंदील घेऊन गेला होता. आणि मी त्या दोन माणसांच्या खाटेवर मोजे वाळत घातले होते. त्याच क्षणी खरं सांगून त्याचे पाय धरायला हवे होते. मी म्हणालो, "खातीलाच थांबले असतील." मास्तरांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "चला, बरं झालं," ते म्हणाले, आणि मुलाला उठवायला आत गेले. त्यांच्या शिव्या मला सोसल्या असत्या. तो मोकळा झालेला चेहरा मात्र अजून सोसत नाही.

पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारलं, "नंतर कधी पत्र वगैरे लिहिलंत त्यांना?"

"नाव विचारलं नव्हतं रे."

या गोष्टीचा निवाडा पुढे कधीतरी आमच्या शेटजींनी केला. कशाचा करताहेत हे त्यांना माहीत नसताना. दिवाळीच्या हंगामात एका गिऱ्हाइकाने धोतरांच्या ताग्यांसाठी बयाणा दिला आणि महिनाभर तोंड दाखवलं नाही. शेटजींनी माल धरून ठेवला. मागणाऱ्यांना नाही म्हटलं. हंगाम सरल्यावर ते गृहस्थ उगवले आणि वर गुरगुरले, "पैसे तर दिले होते ना?" शेटजी पानाची पिंक टाकून शांतपणे म्हणाले, "बयाणा मालाचा नसते बाप्पा. येण्याचा असते."

सिसेरोला नाही सुचलं ते आमच्या गादीवर सुचलं. रुमालाला ताकद येते ती याच्यामुळे. तो रुमाल सांगत असतो, 'इथे माणूस येतंय', आणि बाकीचे त्या शब्दावर विश्वास ठेवून उभे राहतात. पहिलवान पुढे सरकतो तो फडक्याला भिऊन नव्हे. न पाहिलेल्या माणसाला मान देऊन. म्हणून रुमाल टाकण्यात पाप नाही. न येणाऱ्या माणसाचा रुमाल टाकण्यात आहे. आणि आपला माणूस येणार नाही हे कळल्यावरही तो न उचलण्यात तर दुप्पट. आगाऊपणा आणि आगाऊ रक्कम यांतला फरक मला असा वयाच्या सत्तरीनंतर कळला. एकाला धपाटा आणि दुसऱ्याला चहा, हा न्याय बरोबर होता. माझ्या वाट्याचा धपाटा तेवढा राहून गेला.

दोन दिवसांनी पुतण्याने तक्ता पुन्हा पाठवला. पिवळा रकाना नव्हता. खाली लिहिलं होतं, 'सुट्टी साहेबाकडून आधी लिहून घेतली.' मी त्यावर काही बोललो नाही. उगाच आगाऊपणा नको.

पण माणसाचा स्वभाव असा सहज थोडाच जातो! आमची पाच म्हाताऱ्यांची टोळी सकाळी गांधीबाग उद्यानात एका ठरलेल्या बाकावर बसते. पहिला येईल त्याने बाकीच्यांच्या नावाने पेपरची पानं पसरून ठेवायची, असा दंडक आहे. आमच्यातला एक जण महिन्यापासून लेकीकडे अमरावतीला गेलाय, तरी त्याचं पान रोज पडतंच. काल एक बाई नातवाला कडेवर घेऊन आल्या. बाकाकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं, आणि पुढे जायला लागल्या.

मी पान उचललं आणि म्हणालो, "बसा."

टोळीतला एक जण कुजबुजला, "अरे, त्याची जागा आहे ना ती! तो आला म्हणजे?"

"आला म्हणजे सरकू की," मी म्हटलं.